शिवेवरचा माग

सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून उभी दिसली, की आजूबाजूचे जरा लांबूनच जातात. आत सौदा चालू असतो. तोंडानं कोणी आकडा काढत नाही. बोटं दाबली जातात, सोडली जातात, एकजण मान हलवतो, मधला दलाल दोघांची मनगटं सोडत नाही. मग रुमाल निघतो, इसार दिला जातो आणि बैलाचा कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. बैल बुजला तर नेमका याच वेळी बुजतो, कारण त्याला हात ओळखीचा नसतो. म्हणून जाणता विकणारा पैसे मोजून झाले तरी कासरा लगेच सोडत नाही. घेणाऱ्यानं नीट धरला, हे डोळ्यांनी पाहतो आणि मगच मूठ उघडतो.

बेल्हे आणि आसपासच्या गावांसाठी केलेल्या या सुरक्षा-पुस्तिकेची प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा मला हा कासराच आठवत राहिला. पुस्तिकेत क्रमांक आहेत, कलमं आहेत, कचेऱ्यांची नावं आहेत. ती उपयोगाची आहेतच. पण क्रमांकांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते रंगवलेले असतात, शाळेच्या फळ्यावर असतात, बँकेच्या पासबुकावर असतात. आणि तरी रात्री दोन वाजता मोटारीची केबल तोडून नेली, की माणूस सगळ्यांत आधी मेहुण्याला फोन लावतो. मेहुणा सरपंचाला, सरपंच कुणा ओळखीच्या हवालदाराला. तोवर केबल सोलून तांबं वेगळं झालेलं असतं. साधनं असूनही कासरा मध्येच कुठेतरी सुटलेला असतो, ना या हातात ना त्या. ही पुस्तिका त्या सुटलेल्या जागांबद्दल आहे, असं मी समजतो.

आधी बेल्हे कुठे आहे ते पाहू, कारण इथल्या सुरक्षेचे निम्मे प्रश्न नकाशातूनच निघतात. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर हे गाव वसलं आहे. पश्चिमेला राजुरी, मग आळेफाटा. तिथे हा रस्ता पुणे–नाशिक महामार्गाला छेदतो. पूर्वेला गुळंचवाडी, आणे घाट, वर आण्याचं पठार, आणि पठार ओलांडलं की पारनेर तालुका, म्हणजे दुसरा जिल्हा. बेल्ह्याची पोलीस हद्द आळेफाटा ठाण्याची, जिल्हा पोलीस दल पुणे ग्रामीणचं. पोलिसांच्या रचनेत पुणे ग्रामीण कोल्हापूर परिक्षेत्रात येतं आणि अहिल्यानगर जिल्हा नाशिक परिक्षेत्रात. म्हणजे पठारावरचा एक बांध ओलांडला, की गुन्ह्याचा कागद एकीकडून कोल्हापूरच्या वाटेला लागतो आणि दुसरीकडून नाशिकच्या. चोराला बांध ओलांडायला दोन मिनिटं पुरतात. कागदाला किती लागतात, हे भोगलेल्यांना ठाऊक आहे.

जुन्या काळी या शिवेचं काय करत? पेशवाईतल्या दख्खनेत गावाच्या राखणीची एक चोख रीत होती, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी ती आल्याआल्या लिहून ठेवली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाचा १८१९ साली जो अहवाल दिला, त्यात तिचं वर्णन आहे. गावात चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढायचा. माग आपल्या शिवेबाहेर गेला, की तो पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा. त्यानं तो त्याच्या पुढच्या गावाकडे न्यायचा. माग ज्या गावात मुरेल, त्या गावावर चोराची आणि मालाची जबाबदारी येई, वेळेला नुकसान भरून द्यावं लागे. या रीतीत जुलूमही होता. निरपराध गाव भरडलं जाई, आणि गरीब राखणदारावर सगळा राग निघे. पण तिच्या मुळाशी एक गोष्ट पक्की होती: शीव आली म्हणून माग सोडून घरी जायची कोणाला मुभा नव्हती. आपलं काम संपलं हे ठरवणारा माणूस शिवेच्या पलीकडे उभा असे. त्यानं पाऊल पाहून ‘घेतला’ म्हटलं, की यानं पाठ फिरवायची.

हे काम करणारे रामोशी, कोळी, भिल्ल, महार हे लोक माती वाचत. टाच किती रुतली, पाऊल किती तासांपूर्वीचं, माणूस ओझं घेऊन गेला की रिकामा, हे सांगत. पुढे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारेही त्यातून सुटले नाहीत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

गावाच्या पोलीस पाटलाचं पद याच जुन्या रीतीतून आलं. १८६७ साली मुंबई इलाख्याचा ग्रामपोलीस कायदा झाला आणि पाटलाच्या अधिकाराला छापील चौकट मिळाली. १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. आणि १८६७ च्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ साली, महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला. आजचा पोलीस पाटील या कायद्यातला. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. जुन्नर-आंबेगावची प्रांत कचेरी मंचरला आहे. गुन्ह्याची, अपमृत्यूची, गावातल्या धुसफुशीची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कर्तव्य आहे. लोक त्याच्याकडे दाखल्यावर सही घ्यायला जातात आणि तेवढीच ओळख ठेवतात. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. गाव आणि ठाणं यांच्या शिवेवर कायद्यानं उभा केलेला हा एकमेव माणूस आहे. पूर्वी शेजारगावचा राखणदार जिथे उभा असे, त्या जागी. आता काही गावांत त्या जागी बाईही आहे. मारहाण झालेली सून एरवी पुरुष पाटलासमोर जे बोलणार नाही, ते तिथे बोलते.

आता आजच्या साधनांकडे येऊ. त्यांची यादी पुढच्या पानांत आहेच. मी फक्त कासरा कुठे सुटतो तेवढं दाखवतो.

पुणे जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा बऱ्याच गावांत चालू आहे. १८००२७०३६०० हा तिचा टोल-फ्री क्रमांक. नाव नोंदवलेल्या माणसानं तो लावून आपल्या आवाजात निरोप सांगितला, की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर फोन म्हणून वाजतो. मेसेज असता तर झोपेत कोणी वाचला नसता. फोन वाजला की माणूस उठतो. यात सुटतं ते बोलण्यात. घाबरलेला माणूस सांगतो, ‘अहो लवकर या, चोर आलेत!’ चारशे फोन वाजतात, चारशे माणसं उठून बसतात, आणि कुठे यायचं हे कोणालाच कळत नाही. निरोपाला क्रम लागतो: आधी आपलं नाव आणि वस्ती, मग काय घडलं, मग चोर कोणत्या दिशेला गेले. ‘मी अमुक, कॅनॉलकडच्या मळ्यातून बोलतोय, दोघंजण मोटारसायकलवरून आळकुटीच्या रस्त्याला गेलेत.’ यात माग आहे. पहिल्यात नुसती आरोळी होती.

हीच गोष्ट ११२ ची. हा देशभरचा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. महाराष्ट्रातून तो लावला, की आवाज नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून निरोप जवळच्या पोलीस गाडीकडे जातो. पलीकडचा माणूस मराठी बोलतो, पण त्यानं तुमची वस्ती जन्मात पाहिलेली नाही. ‘पारगाव’ एवढंच सांगितलं, तर एक पारगाव जुन्नर तालुक्यात आहे, पारगाव तर्फे आळे, आणि दुसरं आंबेगाव तालुक्यात, साखर कारखान्याजवळचं. दोन्हींची पोलीस ठाणी वेगळी. आपल्याकडे गावठाणात राहणारे थोडे आणि मळ्यात राहणारे जास्त. मळ्याला सरकारी नाव नसतं, घराला क्रमांक नसतो, आणि उसात शिरलेली वाट दोन घरांपलीकडच्याला सांगता येत नाही. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, वस्ती आणि रात्रीही दिसेल अशी एक खूण, या पाच गोष्टी घरातल्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना पाठ असाव्यात.

ठाण्यात गेल्यावर कासरा सुटण्याची जागा ठरलेली: ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’ आण्याच्या पठारावर हे वाक्य नवं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ नं या वाक्याची सोय काढून घेतली. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कुठेही घडलेला असो. आधी नोंदवून घ्यायचं आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचं. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. खबर ऑनलाइनही देता येते. तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ती मागायची असते. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यानं नोंद नाकारली, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालानं पाठवता येते. तरीही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पेशवाईतल्या राखणदाराला जे रीत म्हणून करावं लागे, तेच इथे कायद्यानं ठाण्याला करावं लागतं: शीव आली तरी माग हातात घ्यायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा.

यात एक बारकावा शेतकऱ्यानं लक्षात ठेवावा. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास पुढे सरकत नाही. विहिरीवरची तुटलेली केबल किती फूट होती, कधी घेतली, केवढ्याला घेतली, हे पावती नसेल तर सांगता येत नाही, आणि अंदाजानं किंमत लिहिली जाते. दुकानदाराची मळकी पावती आपण चुलीत घालतो आणि चोरी झाल्यावर तिची आठवण काढतो. जनावराचंही तसंच. १ जून २०२४ पासून राज्यात कानाला बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ला मुळात रोगराईच्या नोंदीसाठी आला. पण दावणीचा बैल रात्री सुटून गेला, तर तो माझाच हे सांगायला शिंगांचा रंग आणि कपाळावरचा चांद यापेक्षा तो आकडा बळकट आहे. बाजारात पावती करताना आकडा उतरवून घ्यावा, आणि बिल्ल्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा.

शिवेचा सगळ्यांत वाईट अनुभव बायकांच्या वाट्याला येतो. सासर पारनेरला, माहेर जुन्नरला. मारून बाहेर काढलेली मुलगी माहेरी येते, आणि तक्रार मात्र सासरच्या ठाण्यात द्यायची, तिथल्या कोर्टात चालवायची, असं तिला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केलं, की बाईनं जिथे आसरा घेतला, तिथेही छळाची फिर्याद चालते, कारण मनाचा छळ तिच्याबरोबर तिथवर आलेला असतो. हा निकाल माहेरच्या माणसांना माहीत हवा. ‘चार दिवस थांब, बघू’ हे वाक्य पोलिसांच्या आधी आपणच बोलतो.

बिबट्याचा विषय वेगळ्या खात्याचा, पण तोही इथे यावाच लागतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. इथल्या उसात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या. २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची मोठी लाट आली. त्या वेळी बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की अशा सोडण्यानं माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. आपल्या शिवेतला माग उचलून शेजारच्या शिवेत टाकला, की असंच व्हायचं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात लागोपाठ तिघांचा बळी गेला आणि लोकांनी मंचरजवळ महामार्ग रोखला. त्या रागाला कारण होतं. पण ज्या रात्री बिबट्या गोठ्याशी दिसतो, त्या रात्री उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: वनखात्याचा १९२६ हा क्रमांक, जखमीसाठी १०८, पंचनामा होईस्तोवर मेलेलं जनावर न हलवणं, आणि पिंजऱ्याभोवती मोबाइल घेऊन गर्दी न करणं. पिंजऱ्यातला बिबट्या पुढे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो. त्याच्याभोवती जमलेल्या पोरांना मात्र पुन्हा त्याच उसातल्या वाटेनं घरी जायचं असतं.

रस्त्याचा भाग थोडक्यात. घाटात गाडी पडली, की माणसं थांबतात, पण जखमीला उचलायला कचरतात. साक्षीला जावं लागेल, गाडी अडकेल ही भीती. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्यानं नाव सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. ती मागणारे फार थोडे.

मोबाइलवरून पैसे गेले, तर १९३०. इथे तर मागाचीच गोष्ट आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात जातो, आणि प्रत्येक खातं ही एक शीव असते. पहिल्या तासाभरात फोन झाला, तर वाटेतलं एखादं खातं गोठवता येतं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन रडलं, तर माग मुरलेला असतो. लाजेपोटी माणसं चार दिवस घरात सांगत नाहीत, आणि चोराला नेमके तेच चार दिवस हवे असतात.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत अवघड आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरताना दिसू लागले आणि चोर आधी टेहळणी करतात असा बोलवा उठला. गावोगाव पोरं काठ्या घेऊन जागली. जागणं चांगलं. पण काठी हातात असलेल्या माणसाला अंधारात कोणीही अनोळखी चोरच दिसतो. १ जुलै २०१८ ला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली आणि जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागायला आलेले. बाजार, अनोळखी माणसं, मोबाइलवरचा निरोप, यातलं एकही बेल्ह्याला नवीन नाही. दर सोमवारी इथे चार जिल्ह्यांची माणसं येतात, पालं पडतात, बैलांचे टेम्पो उभे राहतात. टेम्पो अडवून कागद तपासायचा अधिकार पोलिसांचा आहे, चौकात जमलेल्या पाचपन्नास जणांचा नाही.

ग्रामसुरक्षा दलातल्या पोरांना म्हणून एक कलम तोंडपाठ हवं. कोणी आपल्यासमोर गंभीर, अजामीनपात्र गुन्हा करत असेल, तर साध्या नागरिकालाही त्याला धरता येतं. पण नव्या संहितेच्या कलम ४० नं त्याला मुदत घातली आहे: विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली. धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही. आणि जात, समाज, भाषा असल्या कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून कोणाचा जीव घेतला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. रामोशी माग काढायचा तोही चोराला मारण्यासाठी नव्हे, पुढच्याच्या हाती देण्यासाठी. त्याच जमातींवर संशयाचा शिक्का मारून आपण रात्री त्यांच्याच पालांवर बॅटरी मारत असू, तर जुन्या राखणीतलं काहीच आपण घेतलेलं नाही.

पुस्तिका कशी वापरावी, हे सांगून थांबतो. ती कपाटात ठेवू नये. दाराच्या मागे खिळ्याला अडकवावी, जिथे दिनदर्शिका असते. वाचायला वेळ नसेल, तर निदान शेवटचं पान आज संध्याकाळी उघडावं. ते मुद्दाम कोरं सोडलं आहे. आपल्या वस्तीला कसं यायचं, हे त्यावर घरातल्या सगळ्यांत लहान लिहित्या पोरानं लिहायचं. नवी मुंबईत बसलेल्या, बेल्हे कधीच न पाहिलेल्या माणसाला सांगतो आहोत असं समजून. जिल्ह्यापासून सुरुवात करायची आणि दारापर्यंत यायचं. मग ते घरातल्या एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं डोळे मिटून त्या वाटेनं चालत यायचं. कुठल्या वळणावर तो अडखळतो, ते बघा. तिथे अजून एक खूण लिहा.